टाळूचं तेल

आक्का, मी रडले नाही. तुला उचललं तेव्हा नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि काल दहावा झाला तेव्हाही नाही.

शेळगावच्या बायांनी माझी फार वाट बघितली. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. घरातल्या सगळ्यात जवळच्या बाईनं आधी गळा काढायचा. गेलेल्या माणसाला हाक मारायची, त्याच्या आठवणी सांगत हेल काढून रडायचं, मग बाकीच्यांनी तिच्या गळ्यात पडायचं. तिनं सुरुवात केल्याशिवाय बाकीच्यांना रडता येत नाही. शेजारची चंद्राबाई तर हात पसरूनच माझ्यासमोर बसली होती. शेवटी तिचे हात अवघडले.

"पारू, अगं सख्खी भन गेली तुजी," ती म्हणाली. "येक हाक तरी मार."

मी पदर तोंडाला लावून बसून राहिले. मग माझ्या सुनेनं, सुनंदानं, सुरुवात केली. तिची आणि तुझी ओळख ती किती, पण तिनं 'मावशी' म्हणून टाहो फोडला आणि सगळ्या सुटल्या. मागं कुणीतरी म्हणालं, "दगड हाय ती. मालक गेलं तवा तरी कुठं रडली?"

खरं आहे. तेव्हाही नव्हते रडले. पण दगड कुणी केलं ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे. तरी लिहून सांगते, कारण तू जिवंत असताना माझं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नाहीस. मी बोलायला लागले की तू माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. ओठ कसे हलतात, हात कुठं जातो, मान कशी वळते, सगळं बघायचीस. काय बोलले ते विचारलं तर सांगता यायचं नाही तुला.

तुझी बातमी कळल्यावर बारामतीहून एक पेपरवाला आला होता. त्याला ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला. तो म्हणाला, "शोभनलताबाईंच्या रडण्यावर एके काळी अख्खा महाराष्ट्र रडला. मावशी, ही कला त्यांना कुणी शिकवली हो?" माझ्या लेकानं, बबननं, मधेच उत्तर दिलं, "शिकवतंय कोण? आमच्या मावशीला देवाचं देणं होतं." पेपरवाल्यानं लिहून घेतलं, देवाचं देणं. मी रिकामा कप उचलून आत गेले. परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, हे तू सगळ्यांना हसत सांगायचीस. 'आमची पारी सासऱ्याला पानी देताना तांब्या उंबऱ्यावर ठेवून पळती.' त्या दिवशी मला लाज वाटत नव्हती, राग आला होता. पण रागानंही माझं तोंड बंदच होतं, हे तुझ्या कधी ध्यानात आलं नाही.

पेपरात त्यानं आणखी एक खोटं छापलंय. म्हणे तुला लहानपणापासून अभिनयाची ओढ होती. अभिनय हा शब्द आपल्या घरात कुणी ऐकला होता? आपल्याला मेंढरं माहीत होती. आबा कळप घेऊन आपल्या वरकुट्याच्या माळावर असायचे. उजनीचं पाणी तेव्हा नव्हतं, भिगवणच्या बाजूला नुसती नदी आणि उघडं रान. तिथं कोल्हापूरची एक पिक्चर कंपनी शूटिंगला आली आणि त्यांना एका गाण्यासाठी मेंढरं पाहिजे होती. आबांनी कळप नेला. मेंढरं त्या नटलेल्या हिरॉइनला बघून बुजली. ती 'या गं, या गं' म्हणून हाका मारायला लागली तशी आणखी पांगली. तू पोट धरून हसलीस. मग पुढं झालीस, जीभ वाजवून आपली हाक दिलीस, आणि सगळा कळप तुझ्यामागं आला. कॅमेरा चालूच होता. डायरेक्टर म्हणाला, त्या पोरीला परत एकदा येऊ द्या तशीच. हसत.

तू परत आलीस. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा. दर वेळेला तेच हसू, ताजंच्या ताजं. आणि दर वेळेला ती सगळी मेंढरं वळवून पुन्हा टेकाडापलीकडं न्यायचं काम माझं होतं. नेऊन झालं की कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी वगळीत, पाण्यानं कापलेल्या त्या घळीत, बसून राहायची. आपलं पुढचं सगळं आयुष्य त्या दिवशीच ठरलं असं मला आता वाटतं. त्या दिवशी मात्र मला मजा वाटली होती.

आबा तयार कसे झाले ते मला अजून उमगलं नाही. तू जेवण सोडून बसली होतीस एवढं आठवतं. तू कोल्हापूरला गेलीस, हौसाची शोभनलता झालीस, आणि तुझी काठी माझ्या हातात आली. माझी चौथी नुकतीच झाली होती. मास्तर घरापर्यंत येऊन म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलंय, पुढं पाठवा." आबा म्हणाले, "मग मेंढरामागं कोन जाईल, मास्तर? तुमी?" मास्तर हसले आणि गेले. त्याचा राग मी तुझ्यावर धरला नव्हता. तू वर्षातनं एकदा यायचीस, पावडरचा डबा, जरीच्या काठाची चोळी आणायचीस आणि आपल्या अंगणात अख्खा पिक्चर एकटी करून दाखवायचीस. हिरो तूच, सासू तूच, बैल तूच. तो तोतरा डायरेक्टर करायचीस तेव्हा आबासुद्धा मिशीत हसायचे. माझं तर पोट दुखायचं. ते तुझं खरं अंग होतं, आक्का. तू हसवणारी बाई होतीस. रडणं तुझं नव्हतंच.

ते माझं होतं.

माझा पहिला मुलगा नामू नुकता बसायला लागला होता, तेव्हा त्याला डांग्या खोकला झाला. तू आदल्या दिवशी आली होतीस, त्याच्यासाठी झबलं घेऊन. सकाळी त्याला जरा बरं वाटलं म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन तेल लावलं. टाळूवर दोन बोटं तेल थापलं, तो हसला. जेवणवेळ व्हायच्या आत तो गेला.

चारचौघांत पाणी मागायला लाजणारी मी, त्या दिवशी ओरडले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. हेल काढून रडायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाचं बघितलंही नव्हतं नीट. मी नुसता माझा डावा हात बघत होते आणि बोलत होते. "माझ्या हाताला अजून तुझ्या टाळूचं तेल हाय रं, नामू. तेल हाय रं अजून. आता मी कुनाच्या डोक्याला पुसू?"

तू मधल्या घराच्या पायरीवर बसली होतीस. गुडघ्यावर हनुवटी, हातात पाण्याचा तांब्या. मला पाजायला आणला होतास तो तुझ्या हातातच राहिला. तू रडत नव्हतीस, बघत होतीस. मधेच तुझे ओठ हलताना मला दिसले. मला वाटलं तू देवाचं नाव घेतेस.

पुढच्या वर्षी इंदापूरला तंबूत तुझा पिक्चर लागला. आख्खं शेळगाव गाड्या जुंपून गेलं. मधे दोर, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. माझ्या मांडीवर बबन होता, महिना-दोन महिन्यांचा. पिक्चरमध्ये तुझं मूल जातं तो भाग आला. मूल कसलं, फडक्याचं गाठोडं होतं ते, मला लांबूनही कळलं. तू हात वर केलास. डावा. मी डावरी, आक्का, तू उजव्या हाताची. आणि म्हणालीस, "माझ्या हाताला अजून तुझ्या टाळूचं तेल हाय रं, राजा."

नाव तेवढं बदललं होतंस. म्हणजे तुला चांगलं माहीत होतं ते कुणाचं आहे. माहीत नसतं तर नामूच राहिला असता.

सगळा तंबू रडत होता. मी बबनला छातीशी धरून तशीच बसले होते. शेजारची इंदापूरची एक बाई डोळे पुसत मला म्हणाली, "रडा की वं जरा. काळजाला कुलूप घातलंय काय?"

दोराच्या पलीकडून मला ह्यांचा हुंदका ऐकू आला. नामू गेला तेव्हा ह्यांनी खड्डा खणला, माती दिली आणि दुसऱ्या दिवशी औत घेऊन रानात गेले. डोळ्यात टिपूस नव्हतं. त्या तंबूत मात्र ढसाढसा रडले. परत येताना गाडीत म्हणाले, "हुबेहूब केलं गं आक्कानं." पुढच्या बाजारी एकटेच जाऊन परत बघून आले. डोळे लाल करून आले आणि मला म्हणाले, धूळ गेली. माझ्याजवळ बसून ते नामूसाठी कधी रडले नाहीत. त्यासाठी ते तुझ्याकडं गेले.

आणि मग ते वाक्य गावभर झालं. भातुकलीत पोरी बाहुलीला मांडीवर घेऊन म्हणायच्या. जत्रेत टवाळ पोरं म्हणायची. तेलाच्या दुकानातला माणूस माझी बरणी भरून द्यायचा आणि बोट पुसता पुसता गिऱ्हाइकांना हसवायला म्हणायचा, "माझ्या हाताला अजून तेल हाय रं, राजा!" लोक हसायचे. मीही मान खाली घालून हसल्यासारखं करायची. दुसरं काय करणार? हे माझ्या मुलाचं आहे, असं कुणाला सांगणार होते मी? कुणी खरं मानलं असतं? म्हणाले असते, शेळगावची पारी पिक्चर बघून बोलायला शिकली.

तेच झालं. आई गेली तेव्हा मी वरकुट्याला पोचले, अंगणातूनच 'आई' म्हणून पहिली हाक मारली. माझ्या मागं उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "आगं ऐक, ऐक. थेट शोभनलतेवानी रडती." कौतुकानं म्हणाली ती. वाईट मनानं नाही. पण माझी हाक तिथंच थांबली. पुन्हा घशातनं वर आली नाही ती. तू मागाहून मोटारीनं आलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि छान रडलीस. बायांनी तुला पाणी दिलं, वारा घातला. मला कुणी दिलं नाही. मला कशाला लागणार होतं?

तुझं पिक्चरचं काम संपलं आणि तू बारामतीत दोन खोल्या घेऊन राहायला आलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता बोलू आपण. मी बाजाराला आले की तुझ्याकडं टेकायची. तू तुझंच सांगायचीस, आणि सांगायचीस असं की ऐकतच राहावं.

"पारे, त्या पिक्चरनंतर मला कुनी हसूच दिलं न्हाय बघ. परत्येक कंपनीवाला यायचा आन म्हनायचा, बाई, ते तेवढं रडनं द्या. नवरा मेला, रडा. पोरगं मेलं, रडा. पोरगं मेलं न्हाय, नुसतं मुंबईला गेलं, तरी रडा. म्या म्हनलं, आवो, येकांदा पिक्चर तर असा काढा जिथं माझं कुनी मरत न्हाय. तर म्हनला, मग बाई तुमाला कशाला घिऊ?"

आणि तो हिरो. ज्याची तू बायको झाली होतीस, मग वहिनी झालीस, मग रंगीत पिक्चर आल्यावर आई. "माझ्यापरीस धा वर्सानं थोरला. टकलावर टोप घालून माझ्या पाया पडायचा, 'आशीर्वाद दे, आई.' म्या म्हनायची, आरं बाबा, तूच दे मला, तुला तरी पिक्चर मिळत्यात." तू डोक्यावर पांढरा पदर घेऊन त्याला आशीर्वाद देताना दाखवायचीस आणि मी चहा सांडेपर्यंत हसायची. त्याच्या केसांना काळं लावून त्याला तरणा ठेवला आणि तुझ्या केसांना पांढरं लावून तुला म्हातारी केली, हे तू हसत सांगायचीस. त्यातलं दुःख मला कळत होतं. पण माझं तुला कळलेलं नव्हतं, म्हणून मी तुझ्या दुःखाला हात लावला नाही.

एकदा मात्र तू म्हणालीस, "तुझ्या त्या रडन्यानं माझं वाटोळं केलं, पारे."

तुझ्या रडण्यानं, म्हणालीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"म्या दिलं व्हतं का?" मी विचारलं.

"न्हाय दिलंस. म्या उचललं. न्हाय उचललं असतं तर काय झालं असतं त्याचं? शेळगावच्या भिंतीतनं भाहिर तरी गेलं असतं का? आगं, तुझ्या नामूसाठी सगळा म्हाराष्ट्र रडला."

"राजासाठी रडला," मी म्हणाले.

तू हातातल्या बांगड्या मागं सारल्यास आणि चहाचं आधण ठेवायला उठलीस. ते भांडण तिथंच राहिलं. मी पुढचं काय काय बोलणार होते ते बसमध्ये सगळं आठवलं. कळंबपर्यंत मनातल्या मनात तुला बोलत आले. तुझी उत्तरंही मीच देत होते, आणि त्यातही तू मला बोलू देत नव्हतीस.

त्यानंतरची गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. तुला मुंबईहून टीव्हीच्या मालिकेचं बोलावणं आलं. आजीचं काम, नातू जातो आणि आजी रडते. तू निरोप धाडलास, ये म्हणून. मला वाटलं बरं नाही तुला. धावत आले. तू मला कॉटवर बसवलंस, दार लावून कडी घातलीस आणि समोर जमिनीवर बसलीस. गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

"पारे, येकदा करून दाव."

"काय?"

"तसं रड की जरासं. मला आता येईनाच झालंय. सारखं करून करून पार गुळगुळीत झालंय बघ, कुठनं धरायचं त्येच घावंना. दार लावलंय. कोन न्हाय बघायला."

कोण नाही बघायला! तू होतीस की समोर.

मी उठले, कडी काढली आणि स्टँडवर जाऊन इंदापूरच्या गाडीत बसले. तू दारापर्यंत आलीस, "आगं मस्करी केली" म्हणालीस. ती मस्करी नव्हती. किती दिवाळ्या गेल्या मग, तू मला बोलावलं नाहीस आणि मी आले नाही. बबनकडून कळलं की तू मुंबईला गेली होतीस आणि दोनच दिवसांत परत आलीस. तिथला एक पोरगेला डायरेक्टर तुला म्हणाला, "आजी, असं जुन्या पिक्चरसारखं नको. नैसर्गिक रडा." ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, आनंद झाला. मग भाकरी थापायला बसले आणि त्या पोराचा इतका राग आला की पिठाचा गोळा परातीत आपटला. नैसर्गिक म्हणे. मेल्या, तुला काय ठाऊक ते कुठनं आलं होतं. ज्या बाईला तू परत पाठवलीस तिनं ते घासून घासून संपवलं असेल, पण तुला दिसलं ती त्याची चिंधी होती, आणि चिंधीसुद्धा तुझ्या अख्ख्या मालिकेला भारी होती.

हे तुला सांगायला पाहिजे होतं. तेव्हा सांगितलं नाही.

पोटातल्या गाठीचं कळल्यावर बबन तुला शेळगावला घेऊन आला. मी नको म्हणाले नाही, हो पण म्हणाले नाही. तुझी अंथरुणं मी काढली, तुला न्हाऊ घातलं, भाताची पेज भरवली. त्याचे उपकार मांडत नाही. तूही मांडू दिले नाहीस, कारण तू त्या खाटेवर पडूनसुद्धा घर हसवत ठेवलंस. भिगवणचा डॉक्टर स्टेथोस्कोप लावताना स्वतःच धापा टाकायचा, तो गेला रे गेला की तू त्याच्यासारख्या धापा टाकायचीस. सुनंदा पदराचा बोळा तोंडात कोंबायची. मी भिंतीकडं तोंड करून हसायची. माझं हसू तुला दिसू द्यायचं नव्हतं. रडणं नेलंस, हसणंही बघून ठेवलं असतंस.

शेवटच्या आठवड्यात दुपारी घरात आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, "पारे, माझ्यावर रडशील न्हवं?"

"दूध निवतंय," मी म्हणाले.

"तसंच रड. मला तसं रडनारं दुसरं कुनी न्हाय. पोस्टरवर मरस्तवर कुमारी राह्यले, कोन हाय मागं?"

मी वाटी पुढं केली. तू तोंड फिरवलंस आणि छताकडं बघत म्हणालीस, "आता म्या बगायला नसनार. आता तरी?"

मी वाटी खाली ठेवली. दुधावर साय धरली, ती मी मांजराला घातली.

तू गेलीस त्या सकाळी तुला न्हाऊ घालताना बायांमध्ये वाद लागला. कुंकू लावायचं का नाही? लग्न तर तू केलं नव्हतंस.

"कुवार म्हनायची तर लावायला काय हरकत हाय?" एकजण म्हणाली.

"कुवार कुठली? पिक्चरमदी किती डाव लगीन झालंय तिचं. म्याच बगितल्यात चार."

"आन त्येतलं नवरं किती डाव मेलं, ते बी धर की मग."

मेलेल्या बाईच्या अंगावर पाणी घालता घालता त्या तुझ्यासारख्याच हसायला लागल्या होत्या. मी खाली मान घालून म्हणाले, "लावा. तोंडाला काय लावल्याबिगर भाहिर पडायची सवय न्हाय तिला." फक्त सुनंदानं ऐकलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी आता रडणारच, असं तिला वाटलं असावं. तिनं तुझी ती माक्याच्या तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

मी तुझ्या डोक्याला तेल घातलं. केस किती विरळ झाले होते, टाळू दिसत होती. आपण लहान असताना तू माझ्या वेण्या घालायचीस, इतक्या ओढून की डोळे तिरपे व्हायचे. मी हळू लावलं. डाव्या हातानं. मग तुला बाहेर नेलं, बाया गोल करून बसल्या, चंद्राबाईनं हात पसरले, आणि माझा हात माझ्या मांडीवर होता, तेलकट. ते वाक्य वर आलं, आक्का. अगदी दातांपर्यंत आलं. त्या वेळी ते खरं होतं. एकही शब्द खोटा झाला नसता. मी पदर तोंडात धरला आणि गिळलं. माझ्या एका हाकेत मी तुला तुझं मागणं देऊन टाकलं असतं. आणि सगळ्या बाया म्हणाल्या असत्या, बघा, बहिणीचं वाक्य बहिणीला वाहिलं.

काल दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती. कावळ्यालासुद्धा तू फसवलंस.

दिवेलागणीला मंडळाच्या पोरांनी देवळासमोर व्हिडिओ लावला, तुला श्रद्धांजली म्हणून. तोच पिक्चर. सगळं गाव गेलं, मी गेले नाही. पण त्यांनी भोंगे लावले होते, अंगणात लसूण सोलत बसले होते तिथं सगळं ऐकू येत होतं. चेहरा नाही, हात नाही, नुसता तुझा आवाज. तंबूत मी तुझ्या हाताकडंच बघत बसले होते, म्हणून मला तेव्हा ऐकू आलं नसेल. तू 'आता मी कुनाच्या' असं म्हणतेस आणि थांबतेस. श्वास घ्यायला नाही, पुढचं माहीत नसल्यासारखी. मग म्हणतेस, 'डोक्याला पुसू'. मी तिथं थांबले नव्हते. मी एका दमात म्हणाले होते. ते थांबणं माझ्याकडून घेतलेलं नाही, ते तुझं आहे. तू नामूसाठी आणलेल्या त्या झबल्याची घडीसुद्धा मोडली नव्हती आपण. तू कशासाठी थांबलीस तिथं? हे विचारायला आता कुणी नाही. देवळाकडून बायांचे हुंदके ऐकू आले. मी लसूण सोलत राहिले.

आज सगळे बारामतीला गेलेत, तुझ्या खोल्या आवरायला. मला चल म्हणाले, मी नाही म्हणाले. तुझे फोटो असतील तिथं भिंतीभर, सगळीकडून तू बघत असशील.

माक्याच्या तेलाचा वास हाताला राहिलाय. राखेनं घासला, साबणानं घासला. लिहिताना कागदालाही लागतोय. माझ्या हाताला अजून तुझ्या, एवढं लिहिलं आणि पुढचं लिहिणार नाही. ते नामूचं आहे. तू नेलं होतंस, तुझ्या हातात झिजलं, पण आहे त्याचं. तुझ्यासाठी मला दुसरं काहीतरी लागेल. वरकुट्याच्या माळावर मी मेंढरं परत पलीकडं न्यायची आणि तू इकडून ओरडून विचारायचीस, "पारे, आलीस का गं?" मी वगळीतून ओरडायची, "आले गं, हो पुढं." तेवढंच एक सापडतंय. ते तू कुठल्या पिक्चरमध्ये घातलं नाहीस.

पुढचं दार लावून कडी घातली आहे. मधल्या घराच्या पायरीवर, तू तांब्या घेऊन बसली होतीस तिथं, आज कुणी बसलेलं नाही, ते जाऊन बघून आले.